घराण्याची अंगकाठी आणि एफटीओ
(शरीर आणि वारसा : लेखांक ६)

भंडाऱ्याजवळच्या वरठीत कोणाचं पोट सुटलं की ‘आमच्या घराण्यातच आहे’ असं उत्तर हमखास मिळतं. त्यात तथ्य आहे. पण आईवडिलांकडून चरबी येत नाही. खाल्लेल्यातली शिल्लक साठवायची की जाळायची, पोट भरल्याची जाणीव लवकर व्हायची की उशिरा, यासंबंधीच्या सूचना येतात. एका अक्षराच्या फरकाने त्या सूचना बदलतात.

अशा फरकांमध्ये सर्वांत जास्त अभ्यास झाला तो एफटीओ या जनुकाचा. २००७ साली ब्रिटिश संशोधकांना दिसलं, की या जनुकाचं जोखमीचं रूप आई आणि वडील दोघांकडून मिळालेल्या माणसांचं वजन ते मुळीच न मिळालेल्यांपेक्षा सरासरी सुमारे ३ किलोने जास्त असतं. त्यांनी तपासलेल्या प्रौढांत अशी माणसं १६ टक्के होती. ३ किलो म्हणजे दुर्लक्ष करण्याजोगं नाही, पण ज्याचं वजन तीस किलोने वाढलंय त्याला सगळा दोष घराण्यावर टाकता येणार नाही.

हे घडतं कसं, याचा एक उलगडा २०१५ साली मेलिना क्लाउसनित्झर, मानोलिस केलिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला, आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. एफटीओमधला तो बदललेला तुकडा दूरवरच्या आयआरएक्स३ आणि आयआरएक्स५ या दोन जनुकांचं बटण आहे. जोखमीच्या रूपात ही जनुकं चरबीच्या कोवळ्या पेशींत जास्त काम करतात. मग ऊर्जा जाळून उष्णता देणाऱ्या पेशींऐवजी ती साठवणाऱ्या पांढऱ्या पेशी तयार होण्याकडे कल झुकतो. शिवाय हे रूप असलेल्यांना भूक जास्त लागते, असंही अनेक अभ्यासांत दिसलं आहे.

ही झाली युरोपातली गोष्ट. आपल्याकडची गोष्ट पुण्यात उलगडली. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेचे गिरिराज चांडक यांच्या गटाने २००९ मध्ये दाखवलं, की एफटीओच्या रूपांचा भारतीयांतल्या मधुमेहाशी ठळक संबंध आहे. युरोपात हा संबंध वजनामार्फत येतो, असं आधी दिसलं होतं. भारतीयांत मात्र वजनाचा हिशेब बाजूला काढल्यावरही तो बऱ्याच अंशी शिल्लक राहिला. म्हणजे अंगाने किरकोळ माणूसही यातून सुटत नाही.

किरकोळ दिसणाऱ्या अंगातही चरबी दडलेली असते, हे याज्ञिकांनी २००४ मध्ये स्वतःच्याच शरीरावरून दाखवलं होतं. त्यांचा आणि लंडनच्या जॉन युडकिन यांचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, एकच होता, २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. वजनकाट्याला हा फरक कळत नाही. म्हणूनच भारतीय पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरपुढे आणि बाईची ८० पुढे गेली, की काटा काहीही म्हणो, रक्तातली साखर तपासून घ्यावी.

आता रोवणीचं बघा. पिढी बदलली म्हणून जनुकं बदलत नाहीत, पण काम बदलतं. बांधीत दिवसभर वाकून धान रोवणाऱ्या आजीच्या अंगात जे रूप निमूट पडून होतं, तेच भंडारा रोड स्थानकाजवळच्या दुकानात खुर्चीवर बसणाऱ्या नातवाच्या पोटावर दिसू शकतं. २०११ साली २,१८,१६६ प्रौढांची माहिती एकत्र करून संशोधकांनी पाहिलं, तेव्हा अंगमेहनत किंवा व्यायाम करणाऱ्यांत एफटीओमुळे वाढणारी लठ्ठपणाची जोखीम सुमारे २७ टक्क्यांनी कमी आढळली. पोलाद कारखान्याच्या रात्रपाळीहून आलेल्या माणसाला चालायला जा म्हणणं सोपं नाही, हे मी जाणतो. तरी सुट्टीच्या दिवशी शेतावर पायी जाणंही या हिशेबात धरलं जातं.

पुढच्या आठवड्यात पुण्याजवळच्या सहा गावांतली बाळं : जन्मतः सरासरी २.७ किलोची, सडपातळ दिसणारी, आणि तरीही अंगात चरबी राखून असलेली.