पाच लाखांची छत्री

बँकेच्या पासबुकावर ठेव विम्याचा शिक्का असतो. तो वाचतो कोण? 1960 मध्ये पलाई सेंट्रल आणि लक्ष्मी या बँका बुडाल्या. त्या धक्क्यातून 1 जानेवारी 1962 पासून देशात ठेव विमा सुरू झाला. तेव्हा संरक्षण होतं 1,500 रुपयांचं. 1993 मध्ये ते एक लाख झालं आणि पुढे तब्बल 27 वर्षं तिथेच अडकून राहिलं! 2020 पासून ते पाच लाख आहे.

हप्ता बँक भरते, आपण नाही. पण पाच लाखांत मुद्दल आणि व्याज दोन्ही आलं. एकाच बँकेच्या चार शाखांत पैसे विभागून ठेवणारे काका स्वतःला हुशार समजतात. प्रत्यक्षात त्यांच्या नावावरच्या साऱ्या ठेवींची बेरीजच होते. बँक वेगळी असेल तर छत्री वेगळी.

नागरी सहकारी बँकाही या छत्रीखाली येतात. गल्लीतली पतसंस्था मात्र येत नाही. तिच्या पाटीवर ‘सहकारी’ असतं, आत काउंटर आणि पासबुकही असतं, व्याज तर बहुधा बँकेपेक्षा जास्तच. विमा तेवढा नसतो.