डोळ्यांनी गिळतो, पोटाने पितो

पावसाने खाचरं तुडुंब भरली की रात्री पिवळेधमक बेडूक गळ्याशी दोन निळे फुगे फुगवून ओरडायला लागतात. हा आपला भारतीय बुलफ्रॉग. एरवी हिरवट-तपकिरी; हा पिवळा रंग फक्त नराचा, तोही विणीच्या हंगामापुरता. रंगाचं कौतुक कराच, पण तो गप्प बसला की जरा हनुवटीखाली बघा. तिथली कातडी सारखी लुटुलुटु हलत असते. का बरं?

बेडकाला बरगड्यांचा पिंजरा नाही, श्वासपटलही नाही. छाती फुगवून हवा आत ओढायची सोयच नाही! मग तो तोंडाचा भाता करतो. तोंडाचा तळ खाली गेला की नाकपुड्यांतून हवा तोंडात शिरते. मग नाकपुड्या बंद, तळ वर, आणि हवा फुप्फुसांत. म्हणजे तो श्वास चक्क ढकलतो. ओरडताना तर नाक-तोंड दोन्ही मिटलेलं! तीच हवा फुप्फुसांतून फुग्यात आणि फुग्यातून परत जाते, वाटेत स्वरतंतू थरथरतात, आणि तेवढ्यावर अख्खं शिवार दुमदुमतं.

आता त्याला किडा गिळताना बघा. दर घोटाला डोळे मिटतात आणि आत बुडतात. बेडकाच्या खोबणीला खाली हाडाचा तळ नसतो, त्यामुळे बुबुळं थेट तोंडात उतरून भक्ष्य घशाकडे रेटतात. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संशोधकांनी एक्स-रे चित्रफितीत हे टिपलं. डोळे आत ओढणारा स्नायू निकामी केल्यावरही बेडूक गिळत होते, पण एका रातकिड्याला सरासरी 2.3 घोट पुरायचे तिथे 4 लागले.

आणि पाणी? त्यासाठी तोंड लागतच नाही. ओल्या मातीवर पोट टेकवून बसलं की झालं. पोटाची आणि मांड्यांची पातळ कातडी पाणी शोषून घेते.

हीच कातडी श्वासही घेते. हृदयातून फुप्फुसांकडे निघालेल्या धमनीला एक फाटा फुटतो आणि तो कातडीकडे जातो! तिथे रक्त प्राणवायू घेतं आणि हृदयाच्या उजव्या बाजूला परततं. आपल्या उजव्या बाजूला वापरलेलंच रक्त येतं. बेडकाच्या उजव्या बाजूला थोडं ताजंही मिसळतं. त्याच्या तीन कप्प्यांच्या हृदयाला अपुरं म्हणायची सवय मला म्हणूनच पटत नाही. पाण्याखाली फुप्फुसं थांबली तरी त्याचा दुसरा रस्ता चालू असतो.

रक्तातले क्षारही ही कातडीच सांभाळते. म्हणूनच कायट्रिड नावाची बुरशी इतकी जीवघेणी ठरली. सह्याद्रीतल्या बेडकांवरही ती सापडली आहे. ती वाढते फक्त कातडीत. पण कातडीचं काम बिघडलं की रक्तातलं सोडियम आणि पोटॅशियम घसरतं, आणि बेडूक हृदय बंद पडून मरतो.