हवा गाळता येते का?



गेल्या महिन्यात विंझरच्या बैठकीत हप्ते जमा झाले, वही मिटायची वेळ आली आणि एका ताईंनी कर्ज मागितलं. "दहा हजार हवेत. हवा साफ करायचं यंत्र घ्यायचंय. पोराला रात्रभर शिंका येतात, छाती घरघरते. पुण्याला जाऊबाईंकडे यंत्र आहे, तिथं तो शांत झोपला." बैठकीत दोन तट पडले. कुणी म्हणालं, लेकरासाठी मागतेय, द्या. कुणी म्हणालं, आपल्या डोंगराच्या मोकळ्या हवेला यंत्र कशाला? आम्ही पंधरा दिवस मागून घेतले आणि माहिती काढली. तीच आज सांगतो.

पाणी आपण फडक्यातून गाळतो. बांगलादेशातल्या गावांत जुनी सुती साडी घड्या घालून तिच्यातून पाणी गाळलं, तर पटकीचे रुग्ण जवळजवळ निम्म्याने कमी झाले. हा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. हवेचं यंत्रही गाळणंच आहे. आतला पंखा खोलीतली हवा ओढतो आणि दाट तंतूंच्या गाळणीतून बाहेर सोडतो. फरक बारीकपणाचा. घडीच्या साडीत साधारण २० मायक्रॉनचा कण अडकतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. धुराचे कण तर अडीच मायक्रॉनहूनही लहान असतात. म्हणून पंख्याला साडी बांधून धूर थांबत नाही. 'हेपा' नावाच्या गाळणीतून मात्र ०.३ मायक्रॉनच्या दहा हजार कणांतले तीनच सुटतात.

मग यंत्र घ्यावं का? आधी तीन गोष्टी समजून घेऊ.

पहिली, यंत्र बंद खोलीतलीच हवा गाळतं. आपल्याकडे कौलांत फटी, दार दिवसभर उघडं. तिथं यंत्र लावणं म्हणजे वाहत्या ओढ्याला गाळणी धरणं.

दुसरी, तरंगणारी धूळच यंत्रात जाते. दम्याच्या मुलांना बऱ्याचदा त्रास होतो तो गादी-उशीतल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या किड्यांच्या विष्ठेचा. त्यांना डस्ट माइट म्हणतात. ते आपल्या अंगाच्या कोंड्यावर जगतात, ओलीत वाढतात. आपल्याकडे चार महिने पाऊस, भिंती ओल्या, म्हणजे त्यांची चंगळच. ही घाण जड असते, लगेच खाली बसते. यंत्रापर्यंत ती पोचतच नाही.

तिसरी, हेपा कण अडवते, चुलीच्या धुरातला विषारी वायू अडवत नाही.

म्हणून आधी घाण जिथून येते तिथं हात घालायचा. पांघरुणं आणि उशांचे अभ्रे आठवड्याला हात पोळेल इतक्या गरम पाण्यात धुवा. गोधडी धुता येते, हा तिचा मोठा गुण. कापसाची गादी धुता येत नाही, तिला कडक ऊन द्या. भाताची पोती निजायच्या खोलीत नकोत. झाडण्याआधी पाणी शिंपडा, जमीन ओल्या फडक्याने पुसा आणि तेवढा वेळ मुलाला बाहेर पाठवा. भिंतीवर बुरशी दिसली तर आधी कौल किंवा पन्हळ दुरुस्त करा, नाहीतर पुसलेली बुरशी परत येते. गॅस असूनही अंघोळीचं पाणी चुलीवर तापत असेल तर ती चूल पडवीत न्या.

डासांसाठी कॉइल लावू नका, मच्छरदाणी लावा. एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतके बारीक कण निघतात, असं एका तपासणीत दिसलं आहे. अंगणातलं गाजरगवत फुलण्याआधी, हातात पिशवी घालून उपटा. त्याचे परागही शिंका आणि खाज आणतात.

एवढं करूनही त्रास राहिला आणि एक खोली नीट बंद होत असेल, तर तिथं रात्री यंत्र उपयोगी पडतं. घेताना 'हेपा' लिहिलेलं पाहा. '१० बाय १२ फुटांच्या खोलीला ताशी किती हवा गाळतं?' हे विचारा. साधारण १४० घनमीटर हवं. ओझोन सोडणारं यंत्र घेऊ नका, तो वायू फुप्फुसांना घातक आहे. गाळणी ठरावीक काळाने बदलावी लागते, तो खर्चही हप्त्यात धरा.

आणि यंत्र म्हणजे औषध नव्हे. घरघर असेल तर डॉक्टरांना दाखवाच. तोंडाने ओढायच्या पंपाची सवय लागते, ही भीती खोटी आहे.

त्या ताईंना गटाने कर्ज दिलं, पण तीन हजारांचं. त्यात मुलाची तपासणी झाली, पंप आला, गळकं कौल बदललं आणि दोन मच्छरदाण्या आल्या. मुलाच्या रात्री आता बऱ्याच शांत जातात. यंत्राची मागणी वहीत तशीच आहे. पावसाळा कसा जातो ते पाहू, मग सगळ्या मिळून ठरवू.