चांगला डाव, वाईट निकाल

न्यूयॉर्क राज्यात पैसे लावून ऑनलाइन पोकर खेळायला परवानगी नाही. हडसन नदीच्या पलीकडे, न्यू जर्सीत, ती २०१३ पासून आहे. म्हणून मारिया कोनिकोव्हा ही न्यूयॉर्कची लेखिका नदीखालच्या बोगद्यातून जाणाऱ्या गाडीने होबोकेन गाठायची, कॉफीच्या एखाद्या दुकानात लॅपटॉप उघडायची आणि अगदी किरकोळ रकमेच्या टेबलांवर खेळायची. तिच्याकडे मानसशास्त्राची डॉक्टरेट होती, पण पत्त्यांच्या कॅटमध्ये पाने किती असतात हेही तिला सुरुवातीला धड ठाऊक नव्हते. माणसाच्या आयुष्यात नशिबाचा वाटा किती आणि निर्णयांचा किती, याचा शोध तिला घ्यायचा होता, आणि त्यासाठी तिने पोकर निवडला. एरिक सायडेल या नामांकित खेळाडूने तिला शिकवायचे कबूल केले. जानेवारी २०१८ मध्ये बहामा बेटांवरच्या एका स्पर्धेत ती पहिली आली आणि ८४,६०० डॉलर जिंकली. हा सगळा प्रवास तिने 'द बिगेस्ट ब्लफ' या २०२० साली आलेल्या पुस्तकात लिहिला आहे.

अशा गोष्टी खऱ्या असतात आणि म्हणूनच त्या भुरळ घालतात. पण सायडेलसारखा गुरू, शिकण्यासाठी मोकळा वेळ आणि हरलेल्या प्रत्येक डावाची चिरफाड करण्याची शिस्त, हे तिन्ही एकाच वेळी किती जणांच्या वाट्याला येते? नोकरी-धंदा सांभाळून रात्री तासभर खेळणाऱ्या माणसाला या खेळातून काय मिळते आणि काय जाते, हे समजायचे तर आधी खेळाची रचना पाहायला हवी.

सर्वांत लोकप्रिय प्रकार म्हणजे टेक्सास होल्डेम. प्रत्येक खेळाडूला दोन पाने झाकून मिळतात. मग टेबलावर सगळ्यांसाठी तीन पाने उघडतात, नंतर चौथे, नंतर पाचवे. दर टप्प्यावर रक्कम लावायची, समोरच्याची रक्कम स्वीकारायची किंवा पाने टाकून बाहेर पडायचे. शेवटी सात पानांमधून पाच पानांचा सर्वोत्तम हात ज्याचा, त्याची बाजी. मात्र हातात काहीच नसताना मोठी रक्कम लावून बाकीच्यांना पळवून लावले, तरीही बाजी आपलीच. आपल्याकडे दिवाळीत तीन पत्ती खेळणाऱ्यांना हा ब्लफ नवा नाही. त्यामागचे गणित जॉन फॉन नॉयमन या गणितज्ञाने मांडले. त्याने ऑस्कर मॉर्गनस्टर्नसोबत १९४४ साली लिहिलेल्या खेळ-सिद्धांतावरच्या ग्रंथात पोकरला स्वतंत्र जागा आहे. अधूनमधून ब्लफ करणे हा गणिताने सिद्ध होणारा, योग्य खेळाचाच भाग आहे, असे त्यात दाखवले आहे.

शिकणाऱ्याला इथे खरा आनंद मिळतो. समजा, टेबलाच्या मध्यभागी १०० रुपये जमले आहेत, चार पाने उघडली आहेत आणि समोरच्याने ५० लावले. आता ५० देऊन १५० मिळवायचे आहेत, म्हणजे दर चार वेळांपैकी एकदा जिंकलो तर हिशेब बरोबरीत सुटतो. हातात बदामची दोन पाने, टेबलावर आणखी दोन. शेवटचे पान बदाम आले तर फ्लश, म्हणजे एकाच चिन्हाची पाच पाने, होतो. न पाहिलेल्या ४६ पानांत बदामची ९ उरली आहेत, म्हणजे २० टक्क्यांहूनही थोडी कमी संधी. शेवटच्या पानानंतर आणखी काही रक्कम मिळण्याची आशा नसेल, तर पाने टाकलेली बरी. हे गणित शाळकरी मुलालाही करता येईल. पण ते काही सेकंदांत, पैसे समोर असताना, समोरच्याची खेळण्याची पद्धत लक्षात ठेवून करायचे असते. शक्यतांचा विचार करण्याची ही सवय पुढे नोकरी बदलताना, घर घेताना, गुंतवणूक करतानाही उपयोगी पडते, असे जाणकार खेळाडू सांगतात आणि त्यात तथ्य आहे.

आता याच खेळाची दुसरी बाजू. एका खेळाडूकडे इस्पिकचा आणि चौकटचा एक्का आहे. एक्क्यांची जोडी सरासरी २२१ हातांत एकदाच येते. समोरच्याकडे इस्पिक आणि किलवरचे गुलाम. टेबलावर बदामची राणी, किलवरची सत्ती, चौकटची दुर्री. चौथे पान किलवरची तिर्री. दोघांनीही सगळे पैसे पुढे सारले आणि पाने उघडली. उरलेल्या ४४ पानांपैकी फक्त दोन गुलाम एक्केवाल्याला हरवू शकतात, म्हणजे २२ वेळांपैकी २१ वेळा बाजी त्याची. पाचवे पान उघडते: बदामचा गुलाम. स्क्रीनवरचे सगळे पैसे क्षणात पलीकडच्या नावाखाली सरकतात आणि पुढच्या हाताची पाने वाटायला सुरुवातही होते.

एक्केवाल्याचे काहीही चुकलेले नाही. त्याचा निर्णय उत्तम होता, निकाल वाईट लागला. डोक्याला हे पटते, पण मन ऐकत नाही. गेलेले पैसे लगेच परत मिळवायचे म्हणून तो आता कुठल्याही पानांवर रक्कम लावू लागतो. खेळाडू याला टिल्ट म्हणतात. प्रत्यक्ष टेबलावर डीलर पत्ते पिसतो, वाटतो, तेवढ्या वेळात राग थोडा निवतो. तिथे तासाला २५ ते ३० हात होतात. ऑनलाइन एका टेबलावर ६० ते ८० होतात, आणि चार टेबले एकदम उघडली तर अडीचशे-तीनशे. राग शांत व्हायला सवडच मिळत नाही.

पण टिल्टपेक्षाही खोलवरचा धोका वेगळा आहे. नशीब खेळाडूपासून त्याची खरी पातळी लपवून ठेवते. समजा, एकजण खरोखर चांगला खेळतो आणि दर शंभर हातांमागे सरासरी ५ बिग ब्लाइंड जिंकतो. बिग ब्लाइंड म्हणजे पाने पाहण्याआधी सक्तीने टाकावी लागणारी रक्कम. टेबलाचा आकार तिच्यावरून मोजतात. शंभर हातांतले प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीच्या खाली-वर होणारी नेहमीची घसरण-उसळी, १०० बिग ब्लाइंडच्या आसपास असते. संख्याशास्त्राचा साधा नियम लावला तर १०,००० हात खेळूनही हा चांगला खेळाडू तोट्यात असण्याची शक्यता सुमारे ३० टक्के निघते. लाख हातांनंतरही ती पाच-सहा टक्के उरते.

हाच हिशेब उलटा करून पाहिला की काळजी वाटते. दर शंभर हातांमागे ५ बिग ब्लाइंड हरणारा खेळाडू १०,००० हातांनंतर नफ्यात असण्याची शक्यताही तेवढीच, सुमारे ३० टक्के. आपल्याला खेळ जमतो, अशी अशा माणसाची प्रामाणिक समजूत होते. बुद्धिबळात कच्चा खेळाडू ग्रँडमास्टरपुढे पहिल्या डावातच उघडा पडतो. पोकरमध्ये तोच महिना-दोन महिने जिंकूही शकतो, आणि त्या आठवणीच्या जोरावर पुढची काही वर्षे पैसे भरत राहतो.

शिवाय सगळ्यांनाच एक छुपा खर्च असतो. खेळाडू एकमेकांचे पैसे जिंकतात आणि चालक प्रत्येक मोठ्या बाजीतून आपला हिस्सा कापून घेतो. त्याला रेक म्हणतात. तो बहुधा बाजीच्या ५ टक्क्यांच्या आसपास असतो, वर कमाल मर्यादा. एका बाजीत तो जाणवत नाही. पण टेबलावरच्या सगळ्यांचा मिळून हिशेब मांडला तर बेरीज कायम तोट्यातच येते. नफ्यात राहायचे तर इतरांपेक्षा थोडे चांगले असून भागत नाही. रेक भरून वर काही उरेल, इतके चांगले असावे लागते.

मग एवढे लोक या खेळाकडे वळले कसे? त्याचे मोठे श्रेय टेनेसीच्या ख्रिस मनीमेकर या हिशेबनीसाकडे जाते. २००३ साली त्याने ८६ डॉलरची ऑनलाइन पात्रता स्पर्धा जिंकली, त्यातून लास वेगासच्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरमध्ये १०,००० डॉलर प्रवेशशुल्काची जागा मिळवली आणि ८३९ खेळाडूंमधून थेट विजेता झाला. बक्षीस २५ लाख डॉलर. आडनावाचा योगायोग तर वार्ताहरांना आयताच मिळाला. त्यानंतर त्या स्पर्धेतल्या खेळाडूंची संख्या २००४ मध्ये २,५७६, २००५ मध्ये ५,६१९ आणि २००६ मध्ये ८,७७३ झाली. मनीमेकरला जमले, मग आपल्याला का नाही, असे हजारो लोकांना वाटले. २००३ मध्ये हरलेल्या ८३८ जणांची नावे मात्र फारशी कुणाच्या लक्षात राहिली नाहीत.

ख्रिस फर्ग्युसन या खेळाडूने दुसरा धडा घालून दिला. शून्यातून १०,००० डॉलर उभे करण्याचा पण त्याने केला. सुरुवात फुकट स्पर्धांपासून केली. खेळासाठी बाजूला ठेवलेल्या रकमेच्या ५ टक्क्यांहून जास्त पैसे एका टेबलावर न्यायचे नाहीत, हा नियम त्याने पाळला आणि सुमारे १६ महिन्यांत पण पूर्ण केला. छंद म्हणून खेळणाऱ्याला आजवर मिळालेल्या सल्ल्यांमध्ये याहून उपयोगी सल्ला क्वचितच सापडेल.

दुर्दैवाने हाच फर्ग्युसन ज्या कंपनीच्या संचालकांपैकी होता, त्या फुल टिल्टने खेळाडूंचा सर्वांत मोठा विश्वासघात केला. १५ एप्रिल २०११ रोजी अमेरिकी सरकारने फुल टिल्टसह तीन मोठ्या ऑनलाइन पोकर कंपन्यांवर कारवाई केली. खेळाडूंचे सुमारे ३९ कोटी डॉलर देणे असताना मार्च २०११ अखेर फुल टिल्टच्या बँक खात्यांत जेमतेम ६ कोटी होते, असे पुढे उघड झाले. अमेरिकी खेळाडूंना पैसे परत मिळायला २०१४ साल उजाडले. त्याआधी अल्टिमेटबेट या साइटवर काही खात्यांना समोरच्यांची झाकलेली पाने दिसत होती. ही फसवणूक खेळाडूंनीच हजारो हातांच्या नोंदी तपासून पकडली, कारण त्या खात्यांचा नफा कोणत्याही नशिबाने समजावता येण्याजोगा नव्हता. पुढे जानेवारी २०१७ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या लिब्रेटस या संगणक प्रणालीने चार निष्णात व्यावसायिकांना १,२०,००० हातांच्या सामन्यात हरवले. स्क्रीनपलीकडे माणूस आहे की यंत्र, ही शंका आता अवाजवी राहिलेली नाही.

भारतात पोकर कौशल्याचा की नशिबाचा, हा वाद अनेक वर्षे न्यायालयांत चालला. रमी मुख्यत्वे कौशल्याचा खेळ आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्येच म्हटले होते. पोकरबाबत मात्र गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये उलट मत दिले. दरम्यान अड्डा५२, पोकरबाझी, स्पार्टन पोकर अशी नावे मोबाइलवर घरोघर पोहोचली. निपुण जावासारख्या भारतीय खेळाडूने २०१७ मध्ये वर्ल्ड सिरीजमधल्या विजेत्यांना मिळणारी दोन ब्रेसलेट जिंकली. १ एप्रिल २०२३ पासून ऑनलाइन खेळातल्या निव्वळ जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के करकपात आली आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी.

अखेर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा केला आणि २२ ऑगस्टला राष्ट्रपतींनी त्यावर स्वाक्षरी केली. खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा, पैसे लावून चालणारा ऑनलाइन खेळ पुरवण्यास त्यात मनाई आहे. चालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. मोठ्या कंपन्यांनी पैशांची टेबले लगेच बंद केली आणि कायद्याविरुद्धच्या याचिका सर्वोच्च न्यायालयात गेल्या. महाराष्ट्रात १९७६ चा कॅसिनो कायदा कधी अमलातच आला नव्हता. २०२३ मध्ये तो रद्द झाला. गोव्यात मांडवी नदीतल्या कॅसिनो जहाजांवर पोकरची टेबले आजही लागतात, पण २०२० पासून खुद्द गोवेकरांना तिथे खेळायला प्रवेश नाही.

या बंदीमुळे काही जाणकार खेळाडूंचे उत्पन्न गेले, हे खरे आहे. पण नशिबाच्या पडद्याआड आपला तोटा न दिसणारे लोक त्यांच्याहून कितीतरी जास्त होते, आणि त्यांच्या घरांचा विचार आधी व्हायला हवा होता. परदेशी साइटवर चोरवाटेने पैसे भरणाऱ्याला तर रक्कम बुडाली की दाद मागायलाही जागा उरत नाही.

पैसे न लावता ऑनलाइन खेळायला या कायद्याची आडकाठी नाही, आणि शक्यतांचे गणित, ब्लफ ओळखणे, डावानंतर आपला निर्णय तपासणे हे सगळे तिथेही शिकता येते. परदेशात जिथे हा खेळ कायदेशीर आहे तिथे राहणाऱ्या मराठी माणसाने खेळायचे ठरवलेच, तर महिन्याची रक्कम आधी ठरवावी, ती संपली की थांबावे आणि भरलेला व काढलेला प्रत्येक डॉलर वहीत लिहावा. स्मरणशक्तीवर भरवसा ठेवू नये, कारण जिंकलेले डाव जास्त दिवस लक्षात राहतात. हरलेले भरून काढण्यासाठी पुन्हा पैसे टाकणे, घरच्यांपासून रक्कम लपवणे, उधार घेऊन खेळणे ही लक्षणे दिसली की तो छंद राहिलेला नसतो. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ पासून जुगाराच्या विकाराला व्यसनांच्याच गटात ठेवले आहे आणि त्यावर उपचार होतात. भारतात अशा वेळी टेलि-मानस या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही मोफत बोलता येते, मराठीतही. खेळणाऱ्याने केला नाही, तर घरच्या कुणीही हा फोन करावा.