सरकारची टाकी, सरकारचाच निरीक्षक

अमेरिकेत पेट्रोलपंप चालवायचा तर जमिनीखालच्या टाकीच्या मालकाला एक कागद कायम तयार ठेवावा लागतो. उद्या टाकी गळली आणि शेजाऱ्याची विहीर नासली, तर सफाईचे आणि भरपाईचे पैसे आपल्याजवळ आहेत, याचा तो पुरावा. विमा असो, बँकेची हमी असो, काहीही चालतं. रक्कम मात्र दर घटनेमागे किमान १० लाख डॉलर. ही अट संघ सरकारला आणि राज्य सरकारांना लागू नाही. सरकारचं दिवाळं निघत नाही, तिजोरी तर आहेच, मग वेगळा पुरावा कशाला, असा त्यामागचा विचार. हिशेब म्हणून तो बरोबर आहे. प्रश्न भरपाईचा असेल तर तिजोरी पुरते. गळती वेळीच कळण्याच्या कामी मात्र तिचा काही उपयोग नाही.

सरकारच्या मालकीच्या अशा टाक्या जिकडेतिकडे असतात. पोलिसांच्या गाड्यांचं गॅरेज, शाळेच्या बसचा तळ, बर्फ उपसणाऱ्या ट्रकांचा डेपो, अग्निशमन केंद्र, सरकारी रुग्णालयाचा जनरेटर, विमानतळ, लष्करी छावणी. टाकी आणि तिला जोडलेले पाइप यांच्या एकूण आकारमानाचा १० टक्के भाग जरी मातीखाली असला, तरी कायदा तिला भूमिगत समजतो.

या टाक्यांवर अमेरिकेत स्वतंत्र कायदा आला तो १९८४ मध्ये. आदल्या वर्षीच्या डिसेंबरात सीबीएसच्या ‘सिक्स्टी मिनिट्स’ या कार्यक्रमानं पेट्रोलनं नासलेल्या विहिरींची गोष्ट घरोघरी दाखवली होती. दुसऱ्या महायुद्धानंतर पुरलेल्या साध्या लोखंडी टाक्या तीस-चाळीस वर्षांत गंजून चाळण झाल्या होत्या. सविस्तर नियम १९८८ मध्ये आले आणि जुन्या टाक्या सुधारा, बदला नाहीतर बंद करा, यासाठी २२ डिसेंबर १९९८ ही मुदत पडली. तेव्हा नोंदीत सुमारे २० लाख टाक्या होत्या. आज साडेपाच लाखांच्या आसपास उरल्या आहेत. पक्क्या झालेल्या गळत्यांची संख्या पाच लाखांहून जास्त आहे.

तपासणी म्हणजे नेमकं काय पाहतात? टाकी तर दिसत नाही. त्यामुळे निरीक्षकाचं बरंचसं काम कागदांवर आणि झाकणांखाली चालतं. जिथून टँकर तेल ओततो त्या नळीभोवती एक बादलीवजा भांडं असतं, स्पिल बकेट. त्यात पाणी, पालापाचोळा, तेलाचा तवंग साचला असेल तर दर महिन्याची पाहणी फक्त रजिस्टरात झाली हे लगेच कळतं. नळीच्या आत एक झडप असते. टाकी ९५ टक्के भरली की ती प्रवाह तोडते. या झडपेत काठी अडकवून ती उघडीच ठेवण्याची युक्ती निरीक्षकांना चांगली माहीत असते, कारण टँकरवाल्याला घाई असते आणि झडप त्याला थांबवते. लोखंडी टाकीला गंजापासून वाचवण्यासाठी बारीक विद्युतप्रवाह देतात. जमिनीत संदर्भ-विद्युतअग्र रोवून मोजला तर तिथला दाब उणे ०.८५ व्होल्ट किंवा त्याहून अधिक ऋण भरला पाहिजे. प्रवाह पुरवणाऱ्या यंत्राची नोंद दर ६० दिवसांनी घ्यायची असते. एखाद्यानं वीज वाचवायला ते बटण बंद केलं असेल, तर टाकी गुपचूप गंजत राहते आणि वर सगळं आलबेल दिसतं.

सर्वांत महत्त्वाचा भाग हिशेबाचा. आपल्याकडच्या पंपावरही रोज सकाळी डिप काढतात, म्हणजे टाकीतल्या तेलाची पातळी मोजतात, आणि विक्रीशी ताळा घेतात. अमेरिकी नियमानुसार महिन्याच्या ताळ्यात एकूण उलाढालीच्या १ टक्का अधिक १३० गॅलनपर्यंतची तफावत चालते. महिन्याला २० हजार गॅलन खपवणाऱ्या पंपासाठी ही सूट ३३० गॅलन, म्हणजे साधारण साडेबाराशे लिटर होते! एवढ्या फटीतून बरंच तेल जाऊ शकतं. म्हणून सोबतीला यंत्रं लागतात. टाकीतलं स्वयंचलित मापक तासाला ०.२ गॅलनची, म्हणजे पाऊण लिटरची गळती पकडू शकलं पाहिजे. पाऊण लिटर किरकोळ वाटेल. महिन्याचा हिशेब साडेपाचशे लिटरवर जातो.

खासगी पंप आणि सरकारी टाकी यांतला फरक इथे दिसतो. पंपमालकाच्या खिशातून दर लिटर जातो, म्हणून तो डिप काढतो. जनरेटरच्या टाकीतलं डिझेल क्वचितच हलतं. ते कमी झालं तर कुणाच्या खिशाला झळ बसत नाही. आणि गंमत अशी, की जनरेटरच्या टाक्यांना गळतीशोधाच्या अटीतून १९८८ मध्ये सूट होती. ती २०१५ च्या नव्या नियमांनी काढली. शिवाय खासगी पंपावर नियमभंग सापडला तर नळीवर लाल पट्टी बांधून तेलाची आवकच थांबवता येते, आणि ही धमकी दंडापेक्षा भारी पडते. पण अग्निशमन केंद्राच्या टाकीला लाल पट्टी बांधायची तर निरीक्षकाचा हात अडखळणारच.

८ ऑगस्ट २००५ ला सही झालेल्या ऊर्जा धोरण कायद्यानं या अडखळण्यावर एक उतारा काढला. दर टाकीची निदान तीन वर्षांतून एकदा प्रत्यक्ष तपासणी हवी, हे त्यात होतंच. त्याबरोबर संघ सरकारचं अनुदान घेणाऱ्या प्रत्येक राज्यानं दोन वर्षांत एक यादी द्यायची होती: आपल्या हद्दीत संघ, राज्य आणि स्थानिक सरकारांच्या मालकीच्या कोणत्या टाक्या नियमात बसत नाहीत, त्या कुठे आहेत, मालक कोण, शेवटची तपासणी कधी झाली आणि त्यांचं काय करणार आहात. ही यादी लोकांसाठी खुली ठेवायची होती. कायद्याच्या जाडजूड पोथीतलं हे कलम फारसं कुणी वाचलं नसेल, पण मला ते त्यातलं सर्वांत शहाणं कलम वाटतं. दंड झाला तर एका खात्याचे पैसे दुसऱ्या खात्यात जातात, एवढंच. यादीत नाव आलं की गावातल्या वार्ताहराला ते छापता येतं.

तरीही सर्वांत मोठ्या सरकारी टाक्या या चौकटीतून निसटल्या. त्या होत्या हवाईत, होनोलुलूजवळच्या रेड हिल नावाच्या डोंगरात.

पर्ल हार्बरच्या उघड्या तेलटाक्यांवर कुणीही बॉम्ब टाकू शकेल, या धास्तीनं अमेरिकी नौदलानं १९४० च्या अखेरीस हा ज्वालामुखीचा कडा पोखरायला घेतला. हल्ला व्हायला अजून वर्ष होतं. १९४३ पर्यंत डोंगराच्या पोटात २० टाक्या उभ्या राहिल्या. प्रत्येकीची उंची २५० फूट, रुंदी १०० फूट, पोटात सव्वा कोट गॅलन तेल. एकेका टाकीत वीस मजली इमारत मावली असती. आत पाव इंच जाडीचा पोलादी पत्रा, बाहेर काँक्रीट. अमेरिकेच्या स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेनं १९९५ मध्ये हे काम ऐतिहासिक वारसा म्हणून गौरवलं आणि अभियांत्रिकी म्हणून ते त्या लायकीचं होतंच. अडचण एकच. टाक्यांच्या तळाखाली साधारण १०० फुटांवर ओआहू बेटाच्या पिण्याच्या पाण्याचा साठा आहे.

१९८८ च्या नियमांनी जागेवर बांधलेल्या अशा अवाढव्य टाक्यांना गळतीशोधासह बहुतेक अटींतून बाजूला ठेवलं. कारण: एवढ्या मोठ्या टाकीतली बारीक गळती मोजायचं तंत्र तेव्हा हाताशी नव्हतं. हे नुसतं निमित्त नव्हतं. १०० फूट रुंदीच्या टाकीत तेलाची पातळी १ मिलिमीटरनं उतरली तर ७३० लिटर गेले. आणि सव्वा कोट गॅलन तेल एका अंशानं थंड झालं, तर थेंबही न गळता पातळी पाच-सहा सेंटिमीटर खाली येते. म्हणजे ४० हजार लिटरच्या आसपास ‘तूट’ नुसत्या तापमानानं दिसते. या गोंधळातून खरी गळती ओळखायची कशी? म्हणून २०१५ मध्ये नियम आले तेव्हाही अशा टाक्यांना वेगळं माप मिळालं: वर्षातून एकदा तासाला अर्धा गॅलन गळती पकडेल अशी चाचणी करा. त्यासाठी २०१८ पर्यंत मुदत होती. सर्वसाधारण पंपाला जे १९८८ पासून बंधनकारक, ते डोंगरातल्या तेलसाठ्याला तीस वर्षांनी.

दरम्यान जानेवारी २०१४ मध्ये टाकी क्रमांक ५ गळली. तीन वर्षं दुरुस्तीसाठी रिकामी ठेवून ती नुकतीच भरायला घेतली होती. कंत्राटदाराच्या जोडकामात छिद्रं राहिली होती आणि नौदलाच्या देखरेखीत ती सुटली. सुमारे २७ हजार गॅलन विमानाचं इंधन गेलं. त्या रुंदीच्या टाकीत ही १४ सेंटिमीटरची घट. पुढच्या वर्षी संघाची पर्यावरण संस्था, हवाईचं आरोग्य खातं, नौदल आणि लष्कराचं पुरवठा खातं यांच्यात संमतीचा करार झाला. करारात अभ्यास होते, आराखडे होते, दुहेरी भिंतीच्या पर्यायांवर चर्चा होती. होनोलुलूचं पाणीपुरवठा मंडळ आणि तिथल्या पर्यावरण संघटना सांगत राहिल्या, की एवढा वेळ नाही.

शेवटी घात झाला तो टाकीनं नाही, पाइपानं. ६ मे २०२१ ला तेल एका टाकीतून दुसरीत नेताना चालकांच्या चुकीनं दाब उसळला आणि पाइपाचा सांधा सुटला. नौदलानं सांगितलं, १,६०० गॅलन सांडलं आणि जवळजवळ सगळं गोळा केलं. प्रत्यक्षात सुमारे २० हजार गॅलन आग विझवण्याच्या यंत्रणेच्या निचरा-वाहिनीत जाऊन बसलं होतं. ती वाहिनी प्लास्टिकची, पीव्हीसीची. तेलाच्या ओझ्यानं ती लोंबायला लागली. टाकीतून निघालेलं आणि पुढे पोचलेलं यांचा ताळा जुळत नव्हता, आणि तो कुणी शेवटपर्यंत लावला नाही. पंपावरच्या मुनीमाला जे काम रोज सकाळी चुकत नाही, ते इथे राहिलं.

२० नोव्हेंबर २०२१ ला बोगद्यातली छोटी गाडी त्या वाहिनीच्या झडपेला धडकली. तेल बोगद्यात पसरलं आणि तिथून नौदलाच्याच विहिरीत उतरलं. आठवडाभरात लष्करी वसाहतींतल्या घरांत नळाच्या पाण्याला इंधनाचा वास येऊ लागला. त्या जाळ्यावर ९३ हजार लोक पाणी पीत होते. पोटदुखी, उलट्या, अंगावर पुरळ अशा तक्रारी घेऊन माणसं दवाखान्यात गेली, हजारो कुटुंबं हॉटेलांत हलवली गेली. शहराच्या पाणी मंडळानं धोका नको म्हणून आपली हालावाची विहीर बंद केली.

हवाईच्या आरोग्य खात्यानं ६ डिसेंबरला टाक्या रिकाम्या करण्याचा आदेश काढला आणि नौदलानं सुरुवातीला त्याला आव्हान दिलं! एका राज्याचं आरोग्य खातं जगातल्या सर्वांत बलाढ्य नौदलाला नियम सांगतंय, आणि ते ‘बघू’ म्हणतंय. तीन महिन्यांनी, ७ मार्च २०२२ ला, संरक्षणमंत्री लॉइड ऑस्टिन यांनी रेड हिल कायमचं बंद करण्याची घोषणा केली. रिकामं करणंही सोपं नव्हतं. जुने पाइप आधी दुरुस्त करावे लागले. ऑक्टोबर २०२३ मध्ये तेल उतरवायला सुरुवात झाली आणि १० कोटींहून अधिक गॅलन बाहेर काढलं गेलं. त्याच वर्षी तीन निवृत्त ॲडमिरलना निषेधाची पत्रं मिळाली. मे २०२५ मध्ये न्यायालयानं पहिल्या १७ फिर्यादींना मिळून सुमारे ६ लाख ८० हजार डॉलर भरपाई मंजूर केली. तिजोरी खरोखरच होती.

रेड हिलच्या गोष्टीत नियमांचा अभाव हे अर्धंच कारण. जिथे नियम होते तिथे ते पाळून घेणारा आणि पाळणारा एकाच सरकारचा, आणि दुसरा पहिल्यापेक्षा कितीतरी वजनदार. माझं मत उघड आहे: सूट द्यायचीच झाली तर ती कोपऱ्यावरच्या छोट्या पंपाला द्यावी. सरकारी टाकीला, त्यातही मोठ्या टाकीला, ती कधीच देऊ नये. मोजायचं तंत्र नसेल तर तेवढं तेल पाण्यावर ठेवू नये.

हे सगळं आपल्यापासून फार लांबचं नाही. आपल्याकडे पेट्रोलियम साठवणुकीचे परवाने देणारी आणि तपासणी करणारी ‘पेसो’, म्हणजे पेट्रोलियम व विस्फोटक सुरक्षा संघटना, नागपुरातून चालते. कायदा १९३४ चा, नियम २००२ चे. इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम, हिंदुस्तान पेट्रोलियम या तिन्ही मोठ्या कंपन्यांत सूत्रं सरकारकडे आहेत आणि कितीतरी पंपांखालच्या टाक्या कंपन्यांच्याच मालकीच्या असतात. एसटीच्या आगारात डिझेलचा पंप असतो. मोठ्या सरकारी रुग्णालयांत जनरेटर असतो. अमेरिकेत राज्यांना सरकारी टाक्यांची यादी लावायला सांगणारा कायदा आला, त्याच २००५ साली आपल्याकडे माहितीचा अधिकार आला. तुमच्या गावातल्या आगाराच्या टाकीची शेवटची चाचणी कोणत्या तारखेला झाली, ती कुणी केली आणि अहवालात काय लिहिलं आहे, हे विचारायला १० रुपयांचं शुल्क आणि एक अर्ज लागतो. आगाराशेजारी विहीर किंवा बोअर असेल तर तो अर्ज याच आठवड्यात करा.