खो-खोतला सर्वश्रेष्ठ कोण? गैरसमज आणि वस्तुस्थिती

खो-खोतला आजवरचा सर्वश्रेष्ठ खेळाडू कोण, हा वाद धाराशिव जिल्ह्यात निघाला, मग तो ढोकीत निघो की तुळजापुरात, तर सारिका काळे यांचे नाव टाळून पुढे जाता येत नाही. 2016 मध्ये गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत त्यांच्या नेतृत्वाखाली भारतीय महिला संघाने सुवर्णपदक जिंकले आणि 2020 मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. दावा भक्कम आहे. पण त्याच्या बाजूने आणि विरोधात जे मुद्दे नेहमी मांडले जातात, त्यांतले बरेचसे तपासल्यावर टिकत नाहीत.

अर्जुन पुरस्कार मिळाला तोच मोठा, हा त्यांतला सर्वांत पक्का समज. खो-खोच्या बाबतीत ही फूटपट्टी फारच तोकडी आहे. 1998 मध्ये शोभा नारायण यांना हा पुरस्कार मिळाला, त्यानंतर खो-खोकडे तो आला थेट 2020 मध्ये. मधल्या 22 वर्षांतही राष्ट्रीय स्पर्धांतील सर्वोत्तम पुरुषाला ‘एकलव्य’ आणि सर्वोत्तम महिलेला ‘राणी लक्ष्मीबाई’ पुरस्कार मिळत होताच. म्हणजे खेळाडू होते, खेळही होता. फक्त अर्जुनच्या यादीत त्या पिढीची जागा कोरी राहिली.

आंतरराष्ट्रीय पदकांचेही तसेच. दक्षिण आशियाई स्पर्धेत खो-खो आला तोच 2016 मध्ये आणि पहिला विश्वचषक झाला जानेवारी 2025 मध्ये, नवी दिल्लीत. 1975 मध्ये अर्जुन मिळवणारे श्रीरंग इनामदार आणि उषा नगरकर किंवा 1981 चे हेमंत टाकळकर यांना हे मैदान उपलब्धच नव्हते. जी स्पर्धा अस्तित्वात नव्हती तिच्यातले पदक त्यांच्याकडे नाही, हा काही त्यांच्याविरुद्धचा पुरावा होत नाही.

ज्याने जास्त गडी मारले तो उत्तम आक्रमक, ही समजूत मैदानावरच खोटी ठरते. पाठलाग करणाऱ्याला दिशा बदलता येत नाही आणि दोन खांबांमधली मधली रेषाही ओलांडता येत नाही. त्यामुळे धावणाऱ्याला कोंडीत पकडण्याचे काम एकट्याचे नसतेच. हुलकावणी कुठे मिळणार हे ओळखून कोणी तरी वेळेवर खो देतो, उठलेला दुसरा खेळाडू धावणाऱ्याला खांबाकडे रेटतो आणि तिसरा सूर मारून बाद करतो. गुणपत्रकावर गडी त्या तिसऱ्याच्या नावावर लागतो. अचूक खो देणाऱ्याचे नाव कुठेच येत नाही; प्रेक्षकांच्याही लक्षात राहतो तो सूरच.

संरक्षणाची वेळ मात्र सेकंदापर्यंत नोंदली जाते, म्हणून ती निर्विवाद वाटते. तीही जपूनच वाचावी लागते. पारंपरिक प्रकारात एक पाळी 9 मिनिटांची असते आणि संरक्षक तीन-तीनच्या तुकड्यांनी उतरतात. पहिल्या दोन तुकड्यांनीच बहुतेक वेळ काढला, तर तिसऱ्या तुकडीच्या वाट्याला उरते ते एखादे मिनिट. त्यात नाबाद राहिलेल्या खेळाडूच्या नावापुढे छोटा आकडा दिसतो, पण सामना वाचवणारा कदाचित तोच असतो. पहिल्या तुकडीत ताज्या दमाच्या आक्रमकांसमोर काढलेली दोन मिनिटे आणि दमलेल्या संघासमोर काढलेली दोन मिनिटे यांतला फरकही पत्रकावर उमटत नाही.

हा घोळ खो-खोपुरता नाही. बास्केटबॉलमध्ये मायकेल जॉर्डन मोठा की लेब्रॉन जेम्स, यावर जगभर वाद चालतो. जॉर्डनची 6 विजेतेपदे सांगितली जातात, तर लेब्रॉनने 2023 मध्ये करीम अब्दुल-जब्बारचा 38,387 गुणांचा विक्रम मोडला हे दुसऱ्या बाजूने. बिल रसेलची विजेतेपदे मात्र 11 आहेत. प्रतिस्पर्ध्याचा फेकलेला चेंडू अडवण्यात त्याची ख्याती होती आणि एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगने अशा अडवणुकींची अधिकृत नोंद ठेवायला सुरुवात केली 1973-74 च्या हंगामापासून, रसेल निवृत्त झाल्यानंतर. त्याचे मुख्य कसब आकड्यांत उतरलेच नाही.

जुन्या-नव्या खेळाडूंचे आकडे शेजारी ठेवून तुलना करता येते, हाही भ्रमच. 2022 मध्ये सुरू झालेल्या अल्टिमेट खो-खो लीगने पाळी 7 मिनिटांची केली, मैदानावर बसणारा संघ लहान केला, एका गड्याला दोन गुण दिले आणि ठरावीक वेळेपलीकडे टिकणाऱ्या तुकडीलाही गुण देऊ केले. विश्वचषकही याच धर्तीवर झाला. अंतिम फेरीत भारताच्या महिलांनी नेपाळला 78-40 असे, तर पुरुषांनी नेपाळलाच 54-36 असे हरवले. एका गड्याला एकच गुण देणाऱ्या जुन्या प्रकारात असे गुणफलक दिसत नाहीत. मातीवरचा खेळ आणि मॅटवरचा खेळ यांतही पायांची पकड, वळण आणि सूर बदलतो. आजचे मोठे आकडे पाहून आजचा खेळाडू मोठा ठरवणे सोपे, पण चुकीचे आहे.

सर्वश्रेष्ठांच्या यादीत महिलांना वेगळ्या, दुय्यम रांगेत बसवण्याची सवय तर नोंदींना धरूनच नाही. खो-खोच्या अर्जुन विजेत्यांत पुरुषांपेक्षा महिलांची नावे अधिक आहेत. धाराशिवची ओळखही मुख्यतः महिला खेळाडूंनीच घडवली: सारिका काळे यांच्यानंतर 2025 च्या विश्वविजेत्या संघात याच जिल्ह्यातील अश्विनी शिंदे होत्या.