मंडईतला कांदा, बाटलीचं बूच

मंडईत कांदे घेताना आपण देठ दाबून बघतो ना? मऊ लागला की बाजूला. कांदा सडवणारा असाच एक जिवाणू बर्कहोल्डर या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९५० मध्ये नोंदवला. त्याचं नावही कांद्यावरूनच पडलं, सेपाशिया. धडधाकट माणसाला तो सहसा काही करत नाही, तेव्हा घरचे कांदे फेकू नका! पण आयसीयूतल्या पेशंटच्या रक्तात शिरला तर जिवावर बेततं. शिवाय इतका चिवट, की पातळ जंतुनाशकातही तग धरतो.

मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात, मुलांच्या विभागात, एकामागून एक मुलांच्या रक्तात हाच सापडू लागला. एवढ्या जणांना एकच जंतू, म्हणजे उगमही एकच असणार. आजूबाजूच्या वस्तूंचे नमुने घेतले, आणि सापडला कुठे? अमिकासिन या अँटिबायोटिकच्या सीलबंद बाटलीच्या रबरी बुचावर, वरच्या बाजूला! २०१७ मध्ये हा अभ्यास छापून आला.

वरचं झाकण काढलं की बूच स्वच्छच, असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. स्पिरिटच्या बोळ्याने घासायचं, वाळू द्यायचं, मगच सुई टोचायची. आपलं माणूस आत असेल तर संकोच कसला? गोड आवाजात विचारा, ‘‘सिस्टर, बूच पुसलंत ना?’’